पेट्रोलियम प्रदूषण, मृदेतील बुरशी आणि भूमिपरीक्षा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी अभ्यासक्रमात वाचलेला आहे. पांचाल देशातील काम्पिल्य नगरीजवळ, गंगेच्या तीरी, ग्रीष्माच्या अखेरीस शिष्यांसह वनात फिरत असता भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशाला सावध करतात. भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवा, कारण त्यानंतर त्यांचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव उपहत होतात, असा त्या उपदेशाचा आशय आहे. परीक्षेत या अध्यायावर प्रश्न येतो तो वायू, उदक, देश व काल या चार भावांवर. औषधीसंग्रहाची ही आज्ञा मात्र बहुधा टिपणवहीतच राहून जाते. माझ्या बाबतीतही ती तशीच राहिली होती.

काही वर्षांपूर्वी नेहमीच्या विक्रेत्याकडून पुनर्नवामुळाचे एक पोते आले. मुळांची ओळख बरोबर होती, वाळवणही ठीक होते. मात्र भरड करताना डिझेलसारखा मंद वास आला. चौकशी केली तेव्हा कळले, की ही पुनर्नवा ट्रक उभे राहतात त्या मैदानाच्या कडेची होती. तेथे वर्षानुवर्षे इंजिनातील जळके ऑइल मातीवर ओतले जात असे. "धुऊन, पुन्हा वाळवून देतो, वास राहणार नाही," असे विक्रेत्याने सांगितले. मी ते पोते परत केले. परंतु त्याच विक्रेत्याकडून आधी घेतलेल्या पोत्यातील भरड शोथाच्या काही रुग्णांना क्वाथासाठी दिली गेली होती. ती कोणत्या भूमीतील होती याची नोंद माझ्याकडे नव्हती. त्यामुळे त्या रुग्णांविषयी मला स्वतःलाही निश्चित उत्तर देता आले नाही. ही उणीव विक्रेत्याची होती त्याहून अधिक माझी होती. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाच्या शोधातून लिहिला आहे : तेल पडलेल्या मातीत नेमके काय घडते, आणि मुळे स्वच्छ धुतली म्हणजे ते द्रव्य ग्राह्य ठरते काय?

तेल मातीत शिरल्यावर

पेट्रोलियम प्रदूषण म्हटले की मोठे अपघात आठवतात. आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान येथील वायुविहिरीचा २७ मे २०२० रोजी स्फोट झाला, ९ जून रोजी तिने पेट घेतला आणि ती आग नोव्हेंबरमध्ये विझली. जवळची मागुरी-मोटापुंग पाणथळ जागा, शेते व चहाचे मळे यांवर तेलकट द्रवाचा थर बसला. असे अपघात बातमीचा विषय होतात. गॅरेजमागची जमीन, डिझेल पंपाखालची माती, टँकर धुण्याची जागा, रस्त्याकडेचा चर यांची बातमी होत नाही. पण औषधी वनस्पती गोळा करणाऱ्याचा विळा याच जागी अधिक वेळा पोहोचतो.

खनिज तेल हे एक द्रव्य नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलका अंश उडून जातो व वासही त्यासोबत कमी होतो. जड अंश मातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षे राहतो. वास गेला म्हणजे तेल गेले, ही समजूत यासाठीच चुकीची आहे. जड अंशात अनेक वलये जोडली गेलेली सुगंधी हायड्रोकार्बने असतात. येथे 'सुगंधी' हा रसायनशास्त्राचा पारिभाषिक शब्द असून त्याचा सुवासाशी संबंध नाही. त्यांपैकी बेंझोपायरीन हे मानवात कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात गणले आहे.

मातीवर तेलाचे परिणाम तीन मार्गांनी होतात. पहिला, मातीच्या कणांवर तेलाचे आवरण चढते. पाणी आत झिरपण्याऐवजी वरून वाहून जाते आणि पाऊस पडूनही मुळे तहानलेली राहतात. दुसरा, कणांमधील रंध्रे भरून वायूचा संचार मंदावतो. तेल खाणारे जिवाणू वाढले, की तेही उरलेला प्राणवायू खर्च करतात. तिसरा मार्ग सहज लक्षात येत नाही. तेल म्हणजे मुख्यतः कार्बन, त्यात नत्र व स्फुरद जवळजवळ नाहीत. एवढा कार्बन एकाएकी मिळाल्यावर सूक्ष्मजीव त्याचा उपभोग घेताना मातीतील नत्र व स्फुरद स्वतःच्या शरीरात बांधून ठेवतात. वनस्पतीच्या वाट्याला काही उरत नाही. अत्यधिक स्निग्ध आहाराने अग्निमांद्य होऊन धातू मात्र कृश राहावेत, तशी काहीशी ही अवस्था आहे. ही उपमा केवळ समजण्यासाठी दिली आहे.

मुळांचे सोबती

बुरशी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर औषधीच्या पोत्याला लागलेली बुरशी येते. मातीतील बुरशीचे कार्य याहून फार व्यापक आहे. तिचे तंतू काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचे असतात आणि मूळ जेथे शिरू शकत नाही अशा रंध्रांत ते पोहोचतात. पालापाचोळा व काष्ठ कुजवणे, मातीचे कण एकत्र बांधून तिला भुसभुशीत ठेवणे आणि मुळांना अन्न पुरवणे ही तिची कामे.

यांपैकी तिसरे काम मायकोरायझा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बुरशी करतात. स्थलीय वनस्पतींपैकी फार मोठ्या गटाच्या मुळांत त्यांचा निवास असतो. अश्वगंधा, शतावरी, तुळस ही आपल्या परिचयाची उदाहरणे. बुरशी दूरवरून स्फुरद व पाणी आणून मुळाला देते, आणि वनस्पती मोबदल्यात शर्करा व स्नेह देते. या बुरशी वनस्पतीवाचून जगू शकत नाहीत. ऑर्किड कुळातील वनस्पतींचे अवलंबन तर जन्मापासूनचे असते. त्यांच्या धुळीसारख्या बीजात अन्नसाठा जवळपास नसल्याने निसर्गात योग्य बुरशी भेटल्याखेरीज अंकुर वाढत नाही. अष्टवर्गातील जीवक, ऋषभक, ऋद्धी व वृद्धी म्हणून आज ज्या वनस्पती स्वीकारल्या जातात त्या याच कुळातील आहेत.

सर्वच वनस्पती ही मैत्री करतात असे नाही. मोहरीचे कुळ आणि आघाड्याचे कुळ बहुतांशी याला अपवाद आहे. त्यामुळे एखाद्या जागी आघाडा तरारून वाढला, एवढ्यावरून तेथील माती निरोगी आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

वारेन येथील एक अभ्यास

तेलाने बुरशीचे नेमके काय होते, याचे पद्धतशीर मापन कॅनडातील क्यूबेक प्रांतात, मॉन्ट्रियलजवळच्या वारेन या गावी झाले. तेथे बंद पडलेल्या पेट्रोरसायन कारखान्याच्या जमिनीवर विलो, म्हणजे आपल्याकडील वाळुंजाच्या जातिबांधवांची लागवड करण्यात आली. टेरेन्स बेल व सहकाऱ्यांनी विलोच्या मुळांभोवतीच्या मातीचे ६६ आणि लागवड नसलेल्या मातीचे ६ नमुने घेतले. जनुकीय क्रमवाचनाच्या साहाय्याने प्रत्येक नमुन्यात कोणते जिवाणू व कोणत्या बुरशी आहेत, हे त्यांनी तपासले. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याचे निष्कर्ष आपल्या दृष्टीने मननीय आहेत. स्वच्छ आणि मध्यम प्रदूषित मातीत जिवाणूंचा समुदाय व बुरशीचा समुदाय परस्परांशी जुळता होता. विलोच्या जातीप्रमाणे एक बदलला, की दुसराही त्याच प्रमाणात बदलत असे. किलोमागे २००० मिलिग्रॅमहून अधिक हायड्रोकार्बन असलेल्या मातीत मात्र हा मेळ आढळला नाही. तेथे बुरशीची विविधता घटली. एका जातीच्या विलोभोवतीची बुरशी आणि दुसऱ्या जातीभोवतीची बुरशी यांत मोठी तफावत पडली. जिवाणूंमध्ये तशी वाढ दिसली नाही. परस्परांच्या निकट असलेल्या काही विलोंच्या मुळांभोवती पेझिझोमायसिटीस हा बुरशीचा एकच वर्ग वरचढ झाला होता, जो इतर मातीत अल्प प्रमाणात होता.

किलोमागे २००० मिलिग्रॅम म्हणजे एक किलो मातीत २ ग्रॅम. गॅरेजमागील काळ्या पडलेल्या जमिनीचा विचार केला, तर हे प्रमाण काही फार मोठे नव्हे. दुसरी गोष्ट अशी, की तेलाच्या आघाताला बुरशी जिवाणूंपेक्षा अधिक संवेदनशील ठरली. मातीत जीव उरला आहे काय, असा प्रश्न विचारला तर तेथे 'होय' असेच उत्तर येईल. मात्र समुदायाची घडी विस्कटलेली असते, आणि त्या घडीवर वनस्पतीचे पोषण अवलंबून असते.

तेल पचवणाऱ्या बुरशी

याच विषयाची दुसरी बाजूही आहे. काही बुरशी तेलाचे विघटन करतात. केरोसीनवर जगणारी एक बुरशी विमानांच्या इंधनटाक्यांत वाढून गाळण्या तुंबवते, म्हणून अभियंत्यांना ती चांगलीच परिचित आहे. अस्परजिलस, पेनिसिलियम व फ्युजेरियम यांच्या काही जाती तेलकट मातीत तग धरतात.

सर्वांत उल्लेखनीय आहेत त्या काष्ठ कुजवून पांढरे करणाऱ्या बुरशी. लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन हे द्रव्य वलयांनी बनलेले व अनियमित रचनेचे असते. ते फोडण्यासाठी या बुरशी शरीराबाहेर अतिशय तीव्र व फारशी निवड न करणारी पाचके सोडतात. तेलाच्या जड अंशातही वलयेच असल्याने हीच पाचके त्यावर चालतात. फॅनेरोकीटे क्रायसोस्पोरियम ही बुरशी बेंझोपायरीन व डीडीटी यांसारख्या चिवट द्रव्यांचे विघटन करते, असे १९८५ मध्ये अमेरिकेतील बंपस, टिएन, राइट व ऑस्ट यांनी दाखवून दिले. कनिंगहॅमेला एलेगन्स ही दुसरी बुरशी वलयांकित हायड्रोकार्बनांवर ज्या पद्धतीने संस्कार करते, ती आपल्या यकृतातील सायटोक्रोम पी-४५० या पाचकसमूहाच्या पद्धतीशी मिळतीजुळती आहे. आपल्याकडे टेरी या संस्थेने तेल खाणाऱ्या जिवाणूंचे 'ऑइलझॅपर' नावाचे मिश्रण विकसित केले असून तेलगळतीच्या जागी ते वापरले गेले आहे.

मग काही काळाने माती आपोआप शुद्ध होईल व द्रव्य ग्राह्य ठरेल, असे का म्हणू नये? त्याला दोन कारणे आहेत. विघटन पायरीपायरीने होते आणि मधल्या पायरीवरील काही द्रव्ये पाण्यात अधिक विरघळणारी व विषारी असू शकतात. अर्धपक्व द्रव्याची 'आम' ही कल्पना आपल्याला येथे आठवल्यावाचून राहत नाही. दुसरे असे, की तेल पचवणारी बुरशी वेगळी व मुळांना पोसणारी बुरशी वेगळी. पहिली वाढली म्हणून दुसरी परत येते, असे नव्हे. प्रयोगशाळेच्या अहवालातील तेलाचा आकडा खाली आला म्हणजे भूमीला तिचा रस परत मिळाला, असे मानणे घाईचे ठरेल.

द्रव्याच्या गुणांशी संबंध

मूळ प्रश्न द्रव्याचा आहे. मायकोरायझा बुरशीमुळे वनस्पतीतील कार्यकारी घटक बदलतात, याचे प्रायोगिक पुरावे आहेत. दिल्ली विद्यापीठातील रूपम कपूर व सहकाऱ्यांनी शेपू व ओवा यांवरील प्रयोग २००२ मध्ये, तर बडीशेपेवरील प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध केले. या बुरशीचा संयोग घडवलेल्या रोपांत उडनशील तेलाचे प्रमाण वाढलेले आढळले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आर्टेमिसिया अॅन्युआ या वनस्पतीतील आर्टेमिसिनिनबाबतही असाच अनुभव आला. हेच आर्टेमिसिनिन आज मलेरियाच्या आधुनिक चिकित्सेचा आधार आहे.

येथे प्रत्यक्ष व अनुमान यांची गल्लत होऊ देऊ नये. बुरशीचा संयोग झाल्याने या वनस्पतींतील घटक वाढतात, हे प्रयोगात प्रत्यक्ष दिसले आहे. तेलाने बुरशीची विविधता घटते, हेही मोजले गेले आहे. या दोहोंवरून अशा मातीतील द्रव्य हीनवीर्य असेल असे म्हणणे, हे अनुमान होय. परंतु ते निराधार नाही, आणि रुग्णाच्या बाबतीत संशयाचा फायदा द्रव्याला देण्याची आपली परंपरा नाही.

अवशेषाचा प्रश्न याहून अधिक निश्चित स्वरूपाचा आहे. वलयांकित हायड्रोकार्बने स्नेहात विरघळतात, पाण्यात फारच थोडी. कंदमुळांवरील प्रयोगांत ती मुख्यत्वे सालीत साठलेली आढळतात. ज्या ज्या द्रव्याची आपण मूलत्वक् घेतो, तेथे हा धोका वाढतो. धुण्याने माती जाते, सालीत मुरलेला स्नेहविद्राव्य अंश जात नाही. 'धुऊन देतो' या विक्रेत्याच्या प्रस्तावाचे उत्तर येथे मिळते. कल्पनेनुसारही फरक पडतो. क्वाथात हा अंश कमी उतरेल. मात्र त्याच मुळांचा कल्क घालून तैल किंवा घृत सिद्ध केले, तर स्नेह त्याला ओढून घेईल. चूर्णात तर सर्वच पोटात जाते. म्हणून संशयित द्रव्य 'निदान तेलात तरी वापरू' असा विचार करणे सर्वांत अयोग्य होय.

संहितोक्त भूमिपरीक्षा

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील छत्तिसाव्या अध्यायात औषधी घेण्यास योग्य भूमीचे वर्णन आहे. खड्डे, खडे, वारुळे, स्मशान, वधस्थान यांनी युक्त नसलेली, क्षारयुक्त नसलेली, पाण्यापासून दूर नसलेली, स्निग्ध, मृदू, स्थिर व सम अशी भूमी तेथे प्रशस्त मानली आहे. पुढे असेही सांगितले आहे, की अशा भूमीत उगवलेली वनस्पतीसुद्धा कृमी, विष, शस्त्र, ऊन, वारा, अग्नी, पाणी, दाटी व मार्ग यांनी उपहत झालेली नसावी. या सूचीतील 'मार्ग' हा शब्द आज थांबून वाचण्याजोगा आहे. सुश्रुतांना डिझेल ठाऊक होते, असा दावा कोणी करू नये. तो ग्रंथाचा गौरव नव्हे. रहदारीच्या जागची औषधी घेऊ नये, हा त्यांचा निरीक्षणजन्य नियम होता आणि तो आज अधिक काटेकोरपणे पाळण्याची गरज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या औषधी वनस्पतींच्या लागवड व संकलनविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही रस्त्याची कडा, सांडपाण्याचे चर, कचऱ्याच्या जागा व कारखान्यांचा परिसर वर्ज्य सांगितला आहे.

औषधनिर्मात्यांसाठी काही सूचना

१) कच्च्या मालाच्या नोंदवहीत 'भूमी' हा स्वतंत्र रकाना असावा. गाव, जागेचे स्वरूप (शेत, रान, बांध, रस्त्याची कडा) आणि संकलनाचा महिना एवढे तरी लिहावे. जो विक्रेता हे सांगू शकत नाही, त्याच्याकडून मुळे व मूलत्वक् घेऊ नये.

२) शक्य असेल तेव्हा संकलनाची जागा स्वतः पाहावी. ओंजळभर माती उकरून तिचा वास घ्यावा. कोरड्या मातीवर पाण्याचा थेंब टाकावा. तो न मुरता मण्यासारखा उभा राहिला, तर शंका घ्यावी. हे चिन्ह इतर कारणांनीही दिसते, म्हणून त्यासोबत दुसरी परीक्षा करावी. काचेच्या बाटलीत माती व कोमट पाणी हलवून ठेवावे व पृष्ठभागावर इंद्रधनुषी तवंग येतो काय ते पाहावे. लोहयुक्त पाण्यावरही जिवाणूंमुळे असा तवंग येतो, परंतु तो काडीने ढवळल्यास पापुद्र्यासारखा तुटतो. तेलाचा तवंग फिरून एक होतो.

३) भस्मपरीक्षा, जलविद्राव्य सत्त्व, जड धातू, कीटकनाशके व सूक्ष्मजीव यांच्या नेहमीच्या चाचण्यांत तेलाचे अवशेष उघड होत नाहीत. संशय असल्यास बहुवलयी हायड्रोकार्बनांची चाचणी स्वतंत्रपणे मागवावी.

४) ज्यांच्या स्वतःच्या औषधी बागा आहेत, त्यांनी डिझेल पंपाखाली पत्र्याचे तबक ठेवावे. वाळवीसाठी खुंटांना व कुंपणाच्या खांबांना जळके ऑइल लावण्याची पद्धत बागेत तरी बंद करावी. औषधी डांबरी रस्त्यावर वाळत घालू नयेत.

५) बागेत तेल सांडलेच, तर वरची माती ताबडतोब काढून वेगळी ठेवावी. उरलेल्या जागी शेणखत मिसळून माती वरचेवर मोकळी करावी व काही हंगाम तेथे औषधी न घेता गवत वाढू द्यावे. बाजारात मिळणारी मायकोरायझाची पाकिटे तेल नष्ट करीत नाहीत. ती माती सुधारल्यावर उपयोगी पडतील, आधी नव्हे.

या सर्वांमुळे खर्च वाढेल, हे खरे आहे. शेतातील पुनर्नवा रस्त्याकडेच्या पुनर्नवेपेक्षा महाग पडते, आणि ग्राहकाला बाटलीवरून दोहोंतील भेद कळत नाही. तो भेद केवळ वैद्याला व निर्मात्याला ठाऊक असतो, म्हणूनच त्याची जबाबदारीही आपल्यावर येते.

त्या परत केलेल्या पोत्यानंतर माझ्या नोंदवहीत 'भूमी' हा रकाना आला. पहिल्या वर्षी त्यातील निम्म्याहून अधिक जागा कोऱ्या राहिल्या, कारण विक्रेत्यांना उत्तरे ठाऊक नव्हती. पुढे तेच विक्रेते माल आणताना गावाचे नाव आपणहून सांगू लागले. आत्रेयांनी अग्निवेशाला भूमी विरस होण्यापूर्वी जागे केले होते. आपल्या भोवतालची काही भूमी आधीच विरस झाली आहे. उरलेली कोणती, हे ओळखून तेथूनच औषधी घेणे व ती भूमी राखणे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.